दुखरा हात

"बसली! सूर्य कासराभर वर नाही आला अन् ही बसली."

मालनबाईचा आवाज भीमपूरच्या त्या अख्ख्या आळीला ऐकू गेला. सून विमल जात्यापाशी मनगट धरून बसली होती. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी तशीच पडून होती.

"दुखून राह्यलं आत्याबाई. अंगठ्याच्या बुडापासून पार कोपरापर्यंत."

"कापूस आमी वेचला, पऱ्हाट्या आमी उपटल्या, अन् हात तुहा दुखते?"

विमल खाली मान घालून मनगट चोळत राहिली. तिचं ते उलट न बोलणंच मालनबाईला जास्त झोंबायचं. नार्नूरची पोर; बाप भाजीवाला. मेथीच्या जुड्या बांधण्यापलीकडे हाताला काम ठाऊक नाही, असं मालनबाईचं पक्कं मत होतं. लग्नाला दोन वर्षं होईपर्यंत पोरीनं हूं की चूं केलं नव्हतं. आणि यंदाच्या वेचणीपासून हे दुखणं निघालं.

शेजारच्या प्रयागबाईपुढे मालनबाई सुनेची नक्कल करी. "रात्री बोटं मुंग्यावतात म्हने. काऊन, कोनाची मुंग्यावत नाहीत? मी उठते, हात झटकते, कुशीवर होते अन् निजते. गावभर डांगोरा पिटते का?"

"आताच्या पोरी लोण्याच्या, बाई," प्रयागबाई म्हणे.

"लोणीबी कामी येते. ही ताक आहे, ताक. तेबी आंबलेलं."

मालनबाई जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती. हे ती अंगावरच्या दागिन्यासारखं मिरवी. म्हणून तिचा मुलगा, खुशाल, बायकोला घेऊन आदिलाबादच्या डॉक्टरकडे निघाला, तेव्हा तिनं पोराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोघं परत आली ती डॉक्टरचे हुकूम घेऊन. जातं बंद, दळण गिरणीत. ओले कपडे पिळायचे नाहीत. संध्याकाळी मिठाच्या गरम पाण्यात हात ठेवायचे.

"गिरणीचं पीठ म्हंजे राख," मालनबाई म्हणाली. पण खुशालनं ज्वारीचं पोतं खांद्यावर टाकलं आणि तो चालू लागला. दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर मालनबाईचं नऊवारी लुगडं पिळताना दिसला. बायकोपायी पोरगा धोबी झाला, हे काही तिला गिळवेना. तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

मिठाच्या पाण्याचं नाटक तर रोजचंच. विमल घमेलं ओसरीवर आणी, बोटं बुडवी आणि झटकन काढी.

"सोसत नाही, आत्याबाई."

"सोसत नाही? पाह्य इकडे!" मालनबाई बाह्या सारून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घाली आणि सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवून तशीच बसे, पाणी निवेपर्यंत. "याले कढ म्हनतेस? आमी चुलीतले निखारे हातानं सारले."

विमल खाली मान घालून म्हणे, "तुमची बरोबरी मले कशी जमंल?"

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं घेऊन येई. निर्लज्जपणाला काही सीमा!

महिना उलटला. मालनबाईला हल्ली झोप बरी लागत होती, पण सुनेचं दुखणं काही हटेना. एका सकाळी विमल म्हणाली, "डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं."

मालनबाईचा संयम सुटला. "या खेपेला मी येते. माह्यासमोर हात दाबू दे त्याले. खोटं निघालं तर तिथूनच नार्नूरची मोटर. पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही."

खुशाल काही बोलणार होता. विमलनं त्याला नजरेनंच थांबवलं.

"या आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी आलेलंच बरं."

दवाखान्यात मालनबाई खुर्चीवर बसलीच नाही. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, डॉक्टरवर नजर रोखून उभी राहिली. डॉक्टर तेलुगू माणूस, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्यानं विमलचं मनगट दाबलं.

"दर्द?"

"नाही."

त्यानं तिचा अंगठा मुठीत मिटवला आणि मूठ खाली वाकवली.

"अब?"

"नाही. कायबी नाही."

"पाह्यलंस?" मालनबाई गरजली. बोट सुनेवर रोखून ती पुढे आली. "पाह्य रे खुशाल, पाह्य तुही बायको! आमाले राबवलं, तुले धोबी केलं, अन् दुखणं कुठं हाय? धडधडीत खोटारडी! ऊठ, नेऊन घाल इले बापाच्या दारात!"

खुशाल जागचा हलला नाही. विमलही नाही.

डॉक्टरनं तो रोखलेला हात अलगद धरला. अंगठा मुठीत मिटवला आणि मूठ जराशीच खाली वाकवली.

मालनबाईच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून दारात आले.

"हाच हात डॉक्टरसाहेब," विमल म्हणाली, "मागच्या खेपेला मी सांगतला होता तो."