एकादशीची कळ

ज्या वर्षी धाकट्या सोमेश्वरचं लग्न झालं, त्या वर्षीच्या जूनमध्ये नरवाड्यांच्या घरात फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबत. पुण्याच्या नृत्यविद्यालयाचा निकाल यायचा होता. चार वर्षं तिथंच राहून शिकायचं आणि शिकून निघालं की नाचण्यावरच पोट भरायचं, अशी ती शाळा. जागा मोजक्या, मुली देशभरातून आलेल्या. पिंपळगाव रेणुकाईहून गेलेली एकच, सोमेश्वरची पुतणी आकांक्षा.

घरात तो निकाल एकट्या बद्रीनाथ आबांना नको होता. नातीनं नर्स व्हावं, असं त्यांचं म्हणणं. नाचायचंच असेल तर वरातीत नाचावं, तिथं कोणी फी घेत नाही. भोकरदनला कापडवाल्या हुकमचंद शेटजींच्या माडीवर त्यांच्या पत्नी राजकुमारीबाई कथक शिकवत. आकांक्षा लहानपणापासून तिथं जायची. शिवणक्लाससारखं हेही आपोआप सुटेल, हा आबांचा अंदाज चुकला होता.

मग वैशाखातल्या एकादशीला, प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी, जालन्याहून पुण्याची गाडी गाठायला जीप दारात आली. आकांक्षाची पिशवी जीपमध्ये ठेवली आणि आबांच्या छातीत कळ आली. पिशवी खाली उतरली, आबा वर चढले. जालन्याच्या दवाखान्यात त्यांनी कल्याणचं, म्हणजे आकांक्षाच्या बापाचं, मनगट जे धरलं, ते पुण्याची शेवटची गाडी जाईपर्यंत सोडलं नाही. गाडी गेली तशी कळही गेली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि उपासाला काय खाल्लं ते विचारलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दोनदा. गॅस आहे म्हणाले.

आकांक्षानं घुंगरू खुंटीला टांगले. पण शाळा भली निघाली. तिनं आकांक्षाला पुढची वेगळी तारीख दिली, आणि या खेपेला बापलेक आबा झोपेत असताना निघून गेले.

तेव्हापासून घर आबांना फार जपू लागलं. त्यांच्या पत्नी उषाबाई दर शुक्रवारी रेणुकामातेला त्यांच्या आयुष्यासाठी नारळ फोडायच्या. कुंकू एरवी टिकलीएवढं लावायच्या, ते आता रुपयाएवढं झालं होतं. खोबरं इतकं साठलं की रोज चटणी व्हायला लागली. बायको आपल्या काळजाला एवढी भ्याली, याचं आबांना मनातून बरं वाटत होतं.

कल्याणनं तर पुण्याला जाण्याआधी डोकं भादरून घेतलं होतं, मिशीसकट. आबांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, पोरीसाठी नवस केला.

“नवस डोक्याचा असतो. मिशीचा कोण बोलतं?” आबा म्हणाले.

“न्हाव्याचा हात चालून राह्यला होता आबा, मी डोळे मिटून बसल्तो.”

बाप जिवंत असताना मिशी काढली म्हणून आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आकांक्षाचं वेगळंच. अर्जात तिनं आबांचाच नंबर दिला होता, कारण घरातला सगळ्यांत जुना नंबर तोच. आता मात्र ती फोन त्यांच्या हातात टिकू देत नव्हती. अनोळखी नंबर उचलू नका, बँकेतले पैसे जातात, असं तिनं बजावून ठेवलं होतं. आबांचं खातं सोसायटीत होतं आणि त्यात जाण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आबा ओट्यावर आडवे झाले होते. घुंगरू टांगल्यापासून त्यांना दुपारची झोप येत नव्हती. पूर्वी घर हादरतं म्हणून ओरडायचे आणि त्याच ठेक्यावर घोरायचे. त्यांनी कूस बदलली आणि पाहिलं. नातीचे हात मिरच्यांत होते, नजर कुठंच नव्हती, आणि गोणपाटाखाली तिचे पाय आपले आपण चालले होते. ठेका चुकला की थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. आबा बराच वेळ पाहत राहिले.

“न्हाई घेतलं तर काय करशील गं?”

“नर्स होईन. तुम्ही म्हणता तशी.”

हे उत्तर त्यांना हवं होतं. ऐकलं तेव्हा मात्र ते उठून बसले आणि उगाचच टोपी झटकू लागले.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला. आकांक्षा उठेपर्यंत आबांनी उचलला होता. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे. सगळ्या अंगणाला ऐकू आलं.

बाई नृत्यविद्यालयातून बोलत होत्या. आकांक्षाची निवड झाली आहे, म्हणाल्या. पण एक अडचण आहे. पहिल्या तारखेच्या आदल्याच दिवशी आजोबा वारले, म्हणून तिला वेगळी तारीख दिली होती. वडील स्वतः डोकं-मिशी काढून आले होते, तेव्हा कागद मागायला जीभ रेटली नाही. आता कोणीतरी कळवलंय की आजोबा धडधाकट आहेत. तसं असेल तर जागा पुढच्या मुलीला जाईल.

“आपण घरातलेच ना? कोण बोलताय?”

आकांक्षा मिरच्यांच्या ढिगात उभी होती. दारात उषाबाई आल्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्यामागं कल्याण, नुकती खुंटं फुटलेली मिशी घेऊन. सुपात खोबरं वाळत होतं. आबांनी एकेकाकडे नीट पाहून घेतलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी भुजंग. त्यांचा धाकटा भाऊ,” ते म्हणाले. “कळवणारानं मलाच पाहिलं असंल बाई. आम्ही दिसायला बराबर सारखे.”

“म्हणजे आजोबा खरंच...”

“बद्रीनाथ नरवाडे वारले. वैशाखातल्या एकादशीला, सकाळी, जीपमध्ये.”