घुम्याची आई

"आई, मी घुम्याच्या पलटणीतला," शिपाई उंबऱ्यातूनच म्हणाला.

म्हातारीने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझ्या पोराला घुम्या म्हणायचे? अरे, घरात त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे!"

"तिकडे सगळेच घुमे होतात," शिपाई कसंबसं हसला. गोऱ्यांचा गणवेश उतरवून वर्ष होत आलं होतं, तरी तो ताठच बसला. वाटभर वाक्यं घोकली होती. आता एकही धड आठवेना.

"शेवटी कोण होतं त्याच्याजवळ?"

"मी होतो. अगदी समोर. तापाने गेला, आई. झोपेतच. साहेबांनी मानाने मूठमाती दिली."

म्हातारी रडली नाही. तिने उठून ताट वाढलं. "आधी जेव. उपाशी पोटी अशी बातमी सांगू नये कुणी."

ती आग्रह करकरून वाढत राहिली, पोराच्या खोड्या सांगत राहिली. एकदा झाडावरून पडून हात मोडला, तरी आधी विचारत होता, वर अडकलेलं मांजर उतरलं का? "कुणावर हात उचलवत नसे रे त्याच्याने."

शिपायाला घास उतरेना, पण ताटात टाकवेनाही. आलो ते बरं केलं, असं त्याला वाटलं. छातीवरचा धोंडा जरा हलला.

हात धुताना डोळे जड झाले. चालून दमलो, तो मनाशी म्हणाला.

"आतल्या खोलीत पड जरा," म्हातारी मायेने म्हणाली. "खाट घालून ठेवलीय."

"मी येणार हे ठाऊक होतं?"

"वाटच पाहत होते."

त्याने दार लोटलं. आत भर दुपारी अंधार होता. डोळे सरावले तशा ओळीने लावलेल्या खाटा दिसल्या. शेवटची तेवढी रिकामी. बाकीच्यांवर माणसं निजली होती, हनुवटीपर्यंत पांघरूण घेऊन. हवालदार. बिगुलवाला. ते दोघे भाऊ. एकूण एक चेहरा ओळखीचा, आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता.

त्याला पळायचं होतं, पण पाय हलेनात. म्हातारी दारात उभी होती.

"हे सगळेही म्हणाले, तापाने गेला," ती शांतपणे म्हणाली. "निदान तू तरी सांगायचं होतंस, बाळा, की साहेबाने हुकूम सोडला नि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या पोरावर बंदुका झाडल्यात."