उद्या साहेब येणार

बाळांनो, डोळ्यांसमोर एक मोडकी सायकल आणा. पाचूबंदरच्या रॉबर्टला एका लाल टेम्पोने मागून उडवलं, तेव्हापासून ती ताडपत्रीखाली उभी आहे आणि रॉबर्ट खाटेवर पडून आहे. ड्रायव्हर म्हणतो, तो टेम्पो माझा नव्हताच. सायकलच्या मडगार्डला टेम्पोचा लाल रंग लागलाय, तेवढाच काय तो पुरावा. भरपाई मिळाली, तरच पायाचं ऑपरेशन होईल.

पाच महिन्यांनी वकिलांचा फोन आला. रॉबर्ट बायकोला म्हणाला, "उद्या विम्याचे मोठे साहेब येनार, सायकल बघायला."

"येऊ देत. चहाला दूध आनून ठेवते," फिलोमिना म्हणाली. कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

त्यांच्या सात वर्षांच्या लेकीने, अमिषाने ते ऐकलं. होडीला आशीर्वाद द्यायला फादर येणार असले, की आदल्या दिवशी घरातले सगळे जुना रंग खरवडून होडी नव्याने रंगवतात, हे तिने दरवर्षी पाहिलं होतं.


आईबाबांना दुपारची झोप लागल्यावर अमिषाने मडगार्ड पॉलिशपेपरने स्वच्छ घासलं आणि होडीचा उरलेला निळा रंग त्यावर लावला.