देणगीदार हयात असावा

कुलूपवाले मंगळवारी सकाळी वारले. दहा वाजता ताईने ठरवलं की ते वारले नाहीत.

ताई म्हणजे त्या धर्मादाय रुग्णालयाची एकुलती एक क्लार्क. असले निर्णय एरवी डॉक्टर घेतात. पण डॉक्टर नुसतेच चष्मा पुसत बसले होते आणि साडेअकराला करखात्याचा माणूस यायचा होता.

कुलूपवाले, म्हणजे कुलपांच्या कारखान्याचे म्हातारे मालक, तीन महिने नऊ नंबरच्या खाटेवर होते. मागेपुढे कोणी नाही. त्यांनी रुग्णालयाला आठ लाख दिले होते. श्वास देणारं नवं मशीन दहा लाखांचं. जुनं मशीन एकच, पेशंट तीन, आणि त्यांतली एक ताईची आई. तिच्या वाट्याला दिवसातले आठ तास यायचे. उरलेले सोळा तास ती हवेशी घासाघीस करायची. हे फार तर महिनाभर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

मधले दोन लाख सरकारकडे होते. देणगीदार कर भरणारा असला, की त्याच्या देणगीवर सरकार शंभरामागे पंचवीस संस्थेला वरून देतं, त्यानेच भरलेल्या करातून. त्याच्या खिशाला जास्तीची झळ नाही. फक्त फॉर्मवर त्याची सही लागते. रक्कम मोठी असली तर अधिकारी येऊन त्याला डोळ्यांनी बघून जातो. तोवर देणगीदार हयात असावा, एवढीच नियमाची माफक अपेक्षा.

सहीला कुलूपवाले तयारच नव्हते. पैसे घ्या, नाव नको, म्हणायचे. पाटी नको, पावती नको, फॉर्म तर नकोच. ताईला वाटलं, केवढा हा विनय. ती तीन आठवडे त्यांच्या मागे लागली. शेवटी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आईच्या खाटेशी नेलं. कुलूपवाल्यांनी पाच मिनिटं तो श्वास ऐकला. मग पेन मागितलं.

"पोरी, तू मला गोत्यात आणणार," सही करता करता ते म्हणाले.

म्हातारी माणसं काहीही बोलतात.

आता ते खाली थंड खोलीत होते आणि नऊ नंबरची खाट रिकामी होती. ताईने बाबांकडे पाहिलं. वय तेच, टक्कल तेच. बाबा रोज सकाळपासून आईच्या उशाशी बसायचे. त्यांनी आयुष्यात एकदाच थाप मारली होती, लग्न ठरताना, पगाराची. ती आई त्यांना अजून ऐकवायची.

ताईने त्यांना काय करायचं ते समजावलं.

"नुसतं पडूनच राहायचं ना?" बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या मते मी तीस वर्षं तेच करतोय."

पण पांघरूण ओढून घेताना त्यांचे हात थरथरत होते. त्याचं एक बरं झालं, आजारी दिसले.

अधिकारी वेळेवर आला. सडपातळ, अदबशीर, बुटांचा आवाज न करणारा. सोबत एक आडदांड माणूस होता, तो दारातच थांबला. ताईने देणगीची फाइल पुढे केली. अधिकाऱ्याने ती उघडलीही नाही. खाटेशी स्टूल ओढून त्याने बाबांचं मनगट हातात घेतलं, नाडी लागेपर्यंत.

"तुम्हीच ते?"

"मीच."

त्याने पूर्ण नाव घेऊन पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी तो थोडा जास्त खूश दिसत होता. अकरा वर्षांपूर्वी तब्येत कशी होती, असं त्याने विचारलं. ठणठणीत, बाबा म्हणाले. त्याने त्यांच्या हातात आजचं वर्तमानपत्र देऊन फोटो काढला.

समोरच्या खाटेवर आईने डोळे उघडले. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. आपला नवरा दुसऱ्याच्या खाटेवर पेपर धरून झोपलेला तिने पाहिला आणि बोट वर केलं. ताई सरकून मधे उभी राहिली. पाठीमागे मशीनची फुसफुस ऐकू येत होती. आईचे आजचे तास संपायला दहा मिनिटं होती.

हे गृहस्थ तेच, असं लिहून अधिकाऱ्याने कागद पुढे केला. ताईने सही केली. डॉक्टरांनीही केली. भीतीमुळे त्यांचं अक्षर पहिल्यांदाच वाचण्याजोगं आलं.

झालं, असं वाटून ताईने श्वास सोडला. दोन लाख कधी मिळतील, असं तिने विचारलं.

"यांच्या मृत्यूचा दाखला अकरा वर्षं आमच्या कपाटात आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. "यांनीच कुठून तरी मिळवून पाठवलेला. तेव्हापासून कर शून्य. मी म्हणत होतो माणूस जिवंत आहे, ऑफिसात सगळे हसायचे. मग तुमचा फॉर्म आला." त्याने दाराकडे मान हलवली. "दंड मोठा आहे. त्या आठ लाखांपासून सुरुवात करू."

आडदांड माणूस आत आला. बाबा ताडकन उठून बसले आणि आपण कोण ते त्यांनी सांगितलं. ताईनेही सांगितलं. पकडल्यावर सगळे असंच सांगतात, असं अधिकारी म्हणाला. डॉक्टरांनी धावत जाऊन कुलूपवाल्यांच्या मृत्यूचा दाखला लिहून आणला, ताजा, शिक्क्यासकट.

अधिकाऱ्याने तो अदबीने परत केला. "एक आहे आमच्याकडे."

दुपारी मशीन शेजारच्या खाटेकडे गेलं. ताईने टेबलाशी बसून करखात्याला अर्ज लिहिला: 'तरी सदर देणगीदार या खेपेस खरोखरच मरण पावले असल्याने, त्यांना मृत समजून माझे वडील व मशीनचे आठ लाख परत देण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.'