फिरवायचा की ठेवायचा

तिसरा डबाही नलूताईंनी लादीवर उपडा केला. अस्तरं, काठांचे तुकडे, लेसची भेंडोळी भसाभस बाहेर पडली. आईचा खण त्यातही नव्हता.

"अनुजा! ये जरा इकडे!"

सून ऑफिसला निघायच्या घाईत होती. केसांना क्लिप लावत लावत ती दारात आली.

"काय झालं, आई?"

"माझ्या आईचा खण कुठाय?"

"कसा होता?"

"कसा होता! आवरताना डोळे मिटले होतेस काय?"

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा मिळालेल्या घरातली ही सगळ्यात आतली खोली. पलंग मावत नव्हता, म्हणून मशीन आलं. गेली तीस वर्षं लालबागच्या बायकांचे ब्लाउज शिवताना नलूताईंनी कापडांचे ढीग घातले होते. ढीग होते हे खरं, पण त्यांत काय कुठे आहे ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. खिडकीशी गिऱ्हाइकांची कापडं, खुर्चीवर उरलंसुरलं, आणि मशीनच्या डाव्या हाताला ओटीचे खण.

ओटीचा खण कोणी शिवत नाही. तो इकडून आला की तिकडे जायचा. घरी आलेली सवाष्ण निघाली की नलूताई गप्पा न थांबवता डावा हात मागे न्यायच्या, वरचा खण उचलायच्या, त्यावर तांदूळ आणि नारळ ठेवायच्या. झाली ओटी. असाच एकदा जावेने दिलेला खण जावेच्याच ओटीत गेला आणि दोन गणपती अबोला टिकला.

ते ऐकून अनुजा पोट धरधरून हसली होती. गेल्या महिन्यात तिने चार दिवस रजा काढली, दादरहून पारदर्शक डबे आणले आणि सगळं कापड पुठ्ठ्यांवर गुंडाळून ठेवलं. प्रत्येक खणाला टाचणीने चिठ्ठी लावली : कोणाकडून, केव्हा, फिरवायचा की ठेवायचा. बघायला आलेल्या शेजारणी हरखल्या. नलूताईंना मात्र तेव्हापासून साधं अस्तर सापडेना.

आणि आज खण.

लॉकडाऊनच्या आधीच्या शिमग्याला आईने, मीराबाईंनी, तो नलूताईंच्या हातात ठेवला होता. "स्पृहाक दिवस गेले की तिची ओटी ह्याच खणान भर. दुसऱ्या कोणाक देव नको." त्यानंतर तीन महिन्यांत म्हातारी गेली. खण डोळ्यांसमोर राहावा म्हणून नलूताईंनी तो ढिगात सगळ्यांच्या वर ठेवला. तिथे आहे म्हटल्यावर आहे, रोज उठून कोण बघतं?

येत्या रविवारी नलूताईंच्या लेकीचं, स्पृहाचं डोहाळजेवण होतं.

"मी एकही कापड घराबाहेर दिलेलं नाही," अनुजा म्हणाली. "यादी आहे माझ्याकडे."

"यादी घाल चुलीत! तुझ्या लग्नाला पंचवीस माणसं, दुकानं बंद, खाली पोलीस उभे. तरी तुझी एक रीत चुकू दिली नाही मी. आणि तुला माझ्या आईची एवढीशी वस्तू सांभाळता आली नाही?"

"आई, सकाळी सकाळी काय लावलंयस?" बाथरूममधून वैभव ओरडला.

"तू गप रे! दाढी कर." नलूताई पुन्हा सुनेकडे वळल्या. "हिरवा होता. तांबड्या काठाचा. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची फुली. चाळीत दोरीवरचे कपडे बदलतात म्हणून आई सगळ्यावर फुली घालायची. आठवतंय का आता?"

अनुजाचा हात क्लिपवरच थांबला.

"आई, तो खण…"

"काय? भायखळ्याला माहेरी पोचला?"

अनुजाचा चेहरा पडला. पर्स उचलून ती दारापर्यंत गेली आणि चप्पल घालता घालता, मागे न बघता म्हणाली, "शोधू नका आता. रविवारी स्पृहाच्या ओटीत तोच खण असेल."

दार लागलं.

नलूताई पसाऱ्यात उभ्याच राहिल्या. म्हणजे हिच्याकडेच आहे! आणि मघाशी कसं साळसूदपणे विचारत होती, कसा होता म्हणून!

वैभव कामावर जाईपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. मग स्टूल ओढलं. फळीवर सगळ्यात वर एकच डबा त्यांनी आजवर उघडला नव्हता. त्यावर फक्त 'अनुजा' लिहिलं होतं. सुनेच्या वस्तूंत हात घालणाऱ्या सासवांना त्या आयुष्यभर नावं ठेवत आल्या होत्या. आज त्यांनी झाकण उचकटलं.

वर लग्नाची पत्रिका. खाली मलमलीच्या जुन्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. गाठ सोडली, आणि हिरवा रंग दिसला. तांबडा काठ. कोपऱ्यात पांढरी फुली, आईच्या हातची, थोडी तिरकी.

"चोर!" नलूताई रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या. "घरातच चोर!"

त्यांनी रागारागाने खण झटकला. घडीतून कुंकू लागलेले चार तांदूळ लादीवर सांडले. टाचणीला नेहमीची चिठ्ठी होती. संध्याकाळी दोघांच्या तोंडावर टाकायला पुरावा हवा म्हणून त्यांनी ती ओढून काढली, चष्मा लावला आणि वाचली.

'कोणाकडून : आई, लालबाग.
केव्हा : गृहप्रवेश, मे २०२१. सासरची पहिली ओटी.
ठेवायचा.'