चाचांचा दिवस मावत नाही

शमशुद्दीनचाचांचा बॅकअप सलग नवव्या दिवशी अर्धवट राहिला, म्हणून कंपनीची शर्वरी मिरजेला आली. कानामागची चकती रोज संध्याकाळी सातला मेंदूतलं फक्त त्या दिवसाचं नवं तेवढं उतरवून घेई. शर्वरीचं तीन मिनिटांत उरकायचं. चाचांना दोन तास पुरत नव्हते.

चकती, वेळापत्रक, सगळं ठीक होतं.

"चाचा, दिवसभर करता काय?"

"तंबोरे लावतो. साठ वर्षं तेच."

"मग रोज इतकं नवं कुठून येतं?"

चाचांनी तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि तार छेडली. एका तारेतून कितीतरी सूर उमलत गेले.

"हा सूर मीही आजच ऐकतोय, बेटी," चाचा पुटपुटले. तेही तिच्याइतकेच थक्क झाले होते.

त्या संध्याकाळी शर्वरीचाही बॅकअप अर्धवट राहिला.