छातीचा फोटो

“श्रीकांतजी, आप तो एकदम फिट निकले! छाती साफ,” सुपरवायझर फोनवर म्हणाला, आणि श्रीकांत पलंगावर मटकन बसला.

“काय झालं?” श्रुती स्वयंपाकघरातून धावत आली.

“नोकरी वाचली!”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं आधी देवापुढे साखर ठेवली.

मंडीदीपच्या कारखान्यात श्रीकांत यंत्रांच्या भागांवर वितळलेल्या धातूचा फवारा मारायचा. त्यातून उडणारी पूड इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. त्यावर कंपनीचा उतारा म्हणजे रोज गुळाचा खडा आणि दरवर्षी छातीचा फोटो. फोटोत आजवर कुणीच नापास झालं नव्हतं. त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

यंदा मात्र श्रीकांतला जिना चढताना धाप लागू लागली. फोटोत काही दिसलं, तर घरी बसवतील! त्यानं धाकट्या भावाला गळ घातली. परीक्षित टी. टी. नगरात सरकारी कारकून. चेहरामोहरा अगदी श्रीकांतचाच, फक्त खुर्चीत बसून जरा सुटलेला.

“माझं कार्ड दाखव, श्वास रोखून उभा राहा. बस्स.”

मागच्या आठवड्यात तपासणीचा दिवस होता. कार्ड श्रुतीच्या हाती देऊन परीक्षित चहाही न घेता निघून गेला होता.

“वजनही म्हणे गेल्या वर्षीइतकंच भरलं,” श्रीकांत म्हणाला.

“म्हणजे भाऊजींचं पोट नुसतं दिसायलाच!”

दोघं कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. हसताना श्रीकांतला खोकल्याची उबळ आली, पण आज तिचीही भीती वाटली नाही. इतकी वर्षं तो स्वतः तपासणीला जात होता आणि दरवेळी छाती साफच निघाली होती. एका वर्षात असं काय बिघडणार? सर्दी असेल. उगाच घाबरलो, असं वाटून त्याला अगदी हलकं हलकं वाटलं.

संध्याकाळी तो पेढे घेऊन परीक्षितकडे गेला. दारातच त्यानं एक पेढा भावाच्या तोंडात कोंबला.

“फिट निघालो! तुझ्यामुळे वाचलो रे.”

परीक्षितनं पेढा तसाच गालात धरला. त्याची मान वर होईना.

“दादा, चिडू नकोस. तुला सांगायचा धीरच होत नव्हता. मी त्या दिवशी घाबरलो आणि गेटवरूनच परत फिरलो.”